एका दिवसात साल्हेर-सालोटा की मुल्हेर-मोरा-हरगड?

धुळे-जळगावकडच्या ट्रेकरला पायांची परीक्षा घेणारा दिवस हवा असेल तर नाशिक जिल्ह्यातले बागलाण गाठावे. 1869 मध्ये नाशिक जिल्हा वेगळा होईपर्यंत हा मुलूख खानदेशातच होता. पिंपळनेरहून शेलबारी घाट ओलांडून ताहराबादला आलात की एकाच रस्त्यावर आधी मुल्हेर गाव लागते, मुल्हेर, मोरा आणि हरगड या तीन गडांच्या पायथ्याचे, आणि पुढे वाघांबे, साल्हेर आणि सालोटा या दोन गडांच्या पायथ्याचे. रजा एकच दिवसाची असेल तर कुठे उतरायचे हे घरूनच ठरवून निघा.

साल्हेर 1567 मीटर उंच आहे, कळसूबाईनंतर राज्यात दुसरे शिखर. मुल्हेर त्यापेक्षा बरेच ठेंगणे, म्हणून लोक ते सोपे समजतात. तिथेच फसगत होते. मुल्हेरच्या दोन्ही बाजूंना खिंडी आहेत. हरगडासाठी एकदा आणि मोऱ्यासाठी पुन्हा एकदा उतरून चढावे लागते. साल्हेर-सालोट्याला मात्र मधली एकच खिंड. वाघांब्याहून तिथे यायला सुमारे दोन तास लागतात, आणि दोन्ही गडांच्या वाटा तिथूनच फुटतात. चुकायला जागा कमी.

वाट सोपी सापडते, पण चालायला ती सोपी नाही. सालोट्याचा उतार घसाऱ्याचा आहे. पावसाळा संपला की वाळलेल्या गवताखाली सुटी खडी लपते आणि उतरताना पाय सटकतो. कातळात कोरलेल्या पायऱ्या झिजलेल्या आहेत. अशा पायरीवर मधल्या खोलगट भागात पाऊल टाकू नका, तिथे माती आणि बारीक खडे साचतात. आतल्या बाजूच्या कडेवर पूर्ण तळवा टेकवा आणि उतरताना तोंड कड्याकडे ठेवा. म्हणूनच सालोटा आधी करावा, सकाळी, पाय ताजे असताना. साल्हेर आधी करून भर उन्हात थकलेल्या गुडघ्यांनी सालोटा उतरणे ही नेहमीची चूक.

साल्हेरचे दरवाजे ओलांडले की वाट कड्याच्या पोटातून आडवी जाते, एका बाजूला दरी. उंचीची भीती वाटणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा. वर गंगासागर तलाव, गुहा आणि टोकावर परशुरामाचे देऊळ. दुसऱ्या बाजूच्या पायथ्याला साल्हेरवाडी गावाकडे उतरायचे असेल तर गाडी तिकडे आधी पाठवा, नाहीतर संध्याकाळी डांबरी रस्ता तुडवत वाघांब्याला परतावे लागते. एकूण नऊ-दहा तास.

मुल्हेरचा दिवस दहा-अकरा तासांचा, पण सुरुवात आणि शेवट एकाच गावात. माचीवर गणेश मंदिर, तळे आणि सोमेश्वराचे देऊळ. झाडी दाट असल्याने सावली मिळते, मात्र ढोरवाटा इतक्या फुटतात की पहिल्यांदा जाणाऱ्याने गावातला वाटाड्या घ्यावाच. हरगड आधी करा. तिकडे वर्दळ कमी, वाट गवतात बुजते आणि शेवटी ठेवला की तो हमखास राहून जातो. त्यानंतर बालेकिल्ला आणि मोरा. दम संपला तर मोरा सोडून माचीवरून सरळ गावात उतरता येते. साल्हेरला अशी सोय नाही, एकदा खिंडीच्या वर गेलात की परतीची वाट लांबच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरा. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असते, उन्हाळ्यात कातळ तापतो. साल्हेरसाठी माणशी चार लिटर पाणी, मुल्हेरसाठी तीन. टाक्यांचे पाणी गाळून, औषध टाकूनच प्या. जेवणाला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा न्या, दिवसभर टिकते आणि पोटभरीचे आहे. कपारींत आग्या मोहळे असतात, तेव्हा धूर करू नका आणि अत्तर लावून जाऊ नका.

पहिलाच मोठा ट्रेक असेल आणि सोबत वाटाड्या नसेल, तर उंचीला न घाबरणाऱ्यांनी साल्हेर-सालोटा निवडावा. सोबत मुले किंवा पन्नाशीपुढची मंडळी असतील तर मुल्हेर बरा, तोही हरगड वगळून. तीनही गड करायचे असतील तर साडेपाचला गाव सोडा. अकरापर्यंत हरगडावरून सोमेश्वराला परतला नाहीत, तर मोरा त्या दिवशी सोडून द्या.