टायफॉइडचं पीसीआर: थेट रक्तावर की आधी जंतू वाढवून?

टायफॉइडच्या रुग्णाच्या एक मिलिलीटर रक्तात बहुतेक वेळा जेमतेम एखादा जिवंत जंतू असतो. थेट रक्तावर पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, करायची तर पंचाईत इथेच होते. नमुना थोडा, त्यात माणसाचाच डीएनए भरमसाट आणि हिमोग्लोबिनमुळे पीसीआरची क्रियाही अडते. निकाल लवकर येतो खरा, पण तो निगेटिव्ह आला म्हणून टायफॉइड नाही, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

दुसऱ्या पद्धतीत रक्त आधी बैलाचं पित्त घातलेल्या पोषक द्रवात काही तास ठेवतात. पित्ताने रक्तपेशी फुटतात, आतले जंतू मोकळे होतात. टायफॉइडचा जंतू पित्ताशयातही तग धरणारा, त्यामुळे तो इथेही वाढतो. मग एका एन्झाइमने माणसाचा डीएनए तोडतात आणि उरलेल्यावर पीसीआर करतात. वेळ आणि खटाटोप दोन्ही वाढतात, तरी माझं मत याच पद्धतीला. विडाल या रक्तातल्या अँटिबॉडी बघणाऱ्या चाचणीवर विसंबून औषधं सुरू करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मात्र कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून तपासणं, सोडू नये. 2016 पासून पाकिस्तानातल्या सिंधमध्ये सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला. कोणतं औषध लागू पडेल, हे अजूनही कल्चरच नीट सांगतं.