बाहेरून चकाकी, आतून पुट्टी

जुन्या पिकअपचा मागचा बंपर बदलायचा तर बहुतेकांना वापरलेलाच घ्यावा लागतो. मॉडेल बंद झालेलं असतं, कंपनीकडे नवा मिळत नाही, आणि मिळालाच तर गाडीच्या उरलेल्या किमतीपुढे तो परवडत नाही. ही अडचण नेमकी हेरून धंदा करणारे लोक आहेत. त्यांतल्या एकाने मला फसवलं. त्याची पद्धत इतकी सराईत होती की मी काही त्याचं पहिलं गिऱ्हाईक नव्हतो, याची मला खात्री आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझ्या गाडीचा बंपर डाव्या कोपऱ्यात आत गेला होता आणि खालच्या कडेला गंजाने भोकं पडली होती. विक्रेत्याला मी सरळ विचारलं की बंपर याच मॉडेलचा आहे का, ब्रॅकेट (बंपरला चेसिसशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, जोडणारे लोखंडी आधार) सोबत मिळतील का, आणि त्यावर काही दुरुस्ती झाली आहे का. उत्तरं तयारच होती. “याच मॉडेलचा, ब्रॅकेटसकट, हात न लावलेला माल आहे साहेब.” फोटो आले ते समोरून काढलेले, आरशासारखे चकचकीत. मागच्या बाजूचा फोटो मागितला तर म्हणाला, गोदामात अंधार आहे, बसवताना डोळ्यांनीच बघा. आणि वर गळ टाकला, की बसवायचे पैसे घेणार नाही.

फुकट बसवून देण्यात सगळी मेख आहे. बंपरची खरी हालत त्याच्या पाठीवर दिसते, आणि तो एकदा चेसिसला लागला की पाठ झाकून जाते. मी सांगितलं होतं, मी आल्यावरच काम सुरू करा. ठरलेल्या वेळी पोचलो तर बंपर लागलेला होता, बोल्टवर काळा रंग मारलेला होता आणि माझा जुना बंपर “भंगारात गेला” होता. विचारलं तर म्हणाला, “मिस्त्री मोकळा होता, तुमचाच वेळ वाचवला.”

खरा प्रकार कळला तो टायर पंक्चर झाल्यावर. अशा बऱ्याच पिकअपमध्ये स्टेपनी हौद्याखाली साखळीला किंवा तारेला टांगलेली असते. बंपरमधल्या भोकातून लांब दांडा आत घालून फिरवला की ती खाली उतरते. माझा दांडा भोकातून आत गेला आणि कशालाच न लागता मोकळा फिरत राहिला. भोक आणि आतली नळी एका रेषेतच नव्हती. म्हणजे बंपर या मॉडेलचा नव्हताच.

गाडी सपाट जागी लावून, चाकांना ठोकळे देऊन, टॉर्च घेऊन खाली शिरलो. बंपर दुसऱ्याच गाडीचा असल्याने त्याची भोकं माझ्या गाडीच्या चेसिसशी जुळत नव्हती. ती गॅस कटरने फाडून लांब केली होती. कारखान्यातूनही बंपर डावा-उजवा सरकवता यावा म्हणून लांबट भोकं येतात, पण त्यांची कड स्वच्छ आणि सरळ असते. इथली कड दातेरी होती, तिच्यावर वितळलेल्या लोखंडाचे थेंब गोठले होते आणि आजूबाजूचा पत्रा तापून निळसर झाला होता. मधली फट भरायला वॉशरची चळत लावली होती. नंबर प्लेटच्या लाइटच्या वायरी कापून, पिळून वर नुसती टेप गुंडाळली होती. जोडणीचा सॉकेट गायब.

बोल्ट बघून मात्र पोटात खड्डा पडला. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा उठवलेला असतो. पहिला आकडा ताकद सांगतो. ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण सहन करण्याची क्षमता, १० म्हणजे १०००. बिंदूनंतरचा आकडा सांगतो की त्या ताकदीच्या किती दशांशापर्यंत बोल्ट कायमचा न ताणता टिकेल. इंची मापाच्या बोल्टवर आकड्याऐवजी रेघा असतात, तीन रेघा म्हणजे ग्रेड ५ आणि सहा म्हणजे ग्रेड ८. माझ्या गाडीला लावलेल्या बोल्टच्या डोक्यावर ना आकडा होता, ना रेघ.

याची एवढी काळजी का, ते सांगतो. अनेक पिकअपच्या मागच्या बंपरला ट्रेलर ओढायचा गोळा लागतो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार त्या गोळ्यावर सतत खाली दाबत असतो. ब्रेक, खड्डे आणि चढ यांचे धक्के वेगळेच. हे सगळं शेवटी त्या चार-सहा बोल्टवर आणि भोकांच्या कडेवर येतं. तिथला पत्रा फाटला तर ट्रेलर मागच्या माणसावर जातो, आणि त्या माणसाचा या व्यवहाराशी काहीही संबंध नसतो. विकणाऱ्याला मी ट्रेलर लावतो हे सांगितलं होतं. सांगूनही त्याने हे केलं, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

मग चुंबक फिरवला. बंपर लोखंडी असेल तर चुंबक सगळीकडे सारखा चिकटायला हवा. (ॲल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या बंपरला ही परीक्षा लागू नाही.) उजव्या कोपऱ्यात तो धरेचना. तिथे पुट्टीचा जाड थर होता आणि वर चंदेरी फवारा. खऱ्या क्रोममध्ये लोखंडावर आधी निकेल चढवतात. गंज मुख्यतः निकेलच अडवतं, वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. हे थर विजेच्या प्रवाहाने चढतात आणि पुट्टीतून वीज वाहत नाही. त्यामुळे पुट्टीवर चमक दिसली की तो फक्त रंग आहे, हे पक्कं धरून चाला. मी नखाने कड खरवडली तर पापुद्रा निघाला.

विक्रेत्याकडे गेलो. आधी म्हणाला, जुना माल परत होत नाही. मग म्हणाला, ब्रॅकेट तुमचेच वाकडे होते. शेवटी बिल दाखवलं. त्यावर फक्त “बंपर काम” एवढंच लिहिलेलं. मॉडेल नाही, वापरलेला की दुरुस्त केलेला याचा उल्लेख नाही. माझ्या जुन्या बंपरचे दोन्ही ब्रॅकेट मूळचे आणि धडधाकट होते, तेही त्याने ठेवून घेतले होते. दुर्मीळ मॉडेलला अशा ब्रॅकेटसाठी माणसं वणवण फिरतात. पैसे परत मिळाले नाहीत. तो बंपर मी उतरवला आणि दुसरा मिळेपर्यंत ट्रेलर लावला नाही.

दुसरा घेताना जे केलं ते तुम्हीही करा. बंपर जमिनीवर पालथा पडलेला असतानाच बघा. बोल्टची भोकं, आतल्या घड्या, वेल्डिंगच्या रेघा यांवर बोट फिरवा. आपला जुना बंपर हाताशी असेल तर तो शेजारी ठेवून भोकांमधली अंतरं टेपने मोजा, स्टेपनीच्या दांड्याचं भोक विसरू नका. काळा रंग ताजा असेल तर तो कशावर मारलाय ते आधी विचारा. मूळ बंपरवर ओढण्याच्या वजनाची मर्यादा बहुधा ठोकलेली किंवा चिकटवलेली असते, ती जागा घासलेली दिसली तर तिथून निघा. बसवायचं काम विकणाऱ्याकडे देऊ नका. ओळखीचा मिस्त्री घ्या आणि शेवटचा नट आवळण्याआधी दांडा घालून स्टेपनी खाली-वर करून बघा. जुना भाग परत हवा हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्या. आणि बिलावर गाडीचं मॉडेल, वर्ष, “वापरलेला, वेल्डिंग व पुट्टी नसलेला” हे शब्द आणि बोल्टचा ग्रेड येऊ द्या. दुसऱ्या विक्रेत्याने हे सगळं मी सांगताच, एकही प्रश्न न विचारता लिहून दिलं. पहिल्याने अशा बिलावर सही केली नसती.