जुन्या एमएक्स-५चे टायर आणि अलॉय : दोनदा हात पोळले, तिसऱ्यांदा जमलं

गाडी १९९२ची युनॉस रोडस्टर. म्हणजे माझदा एमएक्स-५च, जपानमध्ये माझदाने ती युनॉस नावाने विकली आणि तिथून सेकंडहँड होऊन ढिगाने इंग्लंडात आल्या त्यातलीच एक. १६०० सीसी, दोन सीट, कापडी टप, वजन हजार किलोच्या आत, एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, काहीच नाही. बायकोचं म्हणणं होतं की एवढ्या पैशात चार माणसं बसतील अशी धड गाडी येते, आणि ते शंभर टक्के खरं होतं, पण मी कोल्हापूरचा, नाद म्हटला की हिशेब कोण करतो.

तर हा रिव्ह्यू आता गाडीला जे बसलंय त्याचा, म्हणजे युनिरॉयल रेनस्पोर्ट ५ टायर १९५/५० आर१५ मापात (१९५ मिमी रुंद, बाजूची भिंत त्याच्या ५० टक्के उंच, १५ इंची रिमसाठी) आणि एन्केई आरपीएफ१ अलॉय रिम १५ बाय ७ (इंचात व्यास आणि रुंदी), ईटी ३५ (ईटी म्हणजे ऑफसेट, रिमची हबवर, म्हणजे चाक ज्यावर आवळतात त्या भागावर, टेकणारी जागा रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे ते). पण थेट इथपर्यंत उडी मारली तर तुम्ही तेच करणार जे मी आधी करून बसलो, म्हणून थोडं मागून सांगतो.

गाडी घेतली तेव्हा टायरला नक्षी भरपूर होती. पाच-सहा मिमी सहज. आपल्याकडे टायर गोटा झाला की बदलायचा एवढंच शिकलेलो, त्यामुळे मी खूश. नोव्हेंबरमध्ये शेफील्डच्या एका राउंडअबाउटवर, पाऊस नुकताच भुरभुरून गेलेला, स्पीड काही खास नाही, मी दुसऱ्या गिअरमध्ये किंचित अ‍ॅक्सिलरेटर दिला आणि गाडीचं ढुंगण असं फिरलं की मी आलो त्याच रस्त्याकडे तोंड करून उभा. मागच्या व्हॅनवाल्याने हॉर्नसुद्धा दिला नाही, नुसता बघत बसला बिचारा. घरी येऊन टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, नीट वाचली. डीओटी लिहिलेलं असतं त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, माझ्या मागच्या टायरवर होते ३८०९. म्हणजे २००९ सालचा अडतिसावा आठवडा. रबर पार लाकूड झालेलं, नख रुतत नव्हतं.

ही गोष्ट जुन्या हौशी गाड्यांना जास्त लागू होते कारण त्या वर्षाला दोन-तीन हजार मैल चालतात, बाकी वेळ कव्हर घालून उभ्या. टायर झिजतच नाही, म्हातारा होतो. आणि इथल्या वार्षिक एमओटी तपासणीत कारच्या टायरला वयाची अट नाही, रुंदीच्या मधल्या तीन चतुर्थांश भागात १.६ मिमी नक्षी आहे का आणि टायर फुगलेला-फाटलेला नाही ना, एवढंच बघतात. बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना मात्र फेब्रुवारी २०२१ पासून दहा वर्षांवरचा टायर चालत नाही. म्हणजे सरकारला कळतंय बरं का सगळं. सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडायच्या आधी ते चार आकडे वाचा.

मग मी पहिली चूक केली. हलकी स्पोर्ट्स कार आहे, तर टायर पण तसाच जबरदस्त पाहिजे ना, म्हणून एका मोठ्या कंपनीचा (नाव जाऊ दे) जवळजवळ रेस ट्रॅकचाच टायर घातला. खाचा कमी, रबर मऊ, साइडवॉल कडक. जुलैत, कोरड्या रस्त्यावर, वीस मिनिटं हाणल्यावर, काय सांगू, गाडी रुळावरून चालल्यासारखी. पण ते वीस मिनिटं हाणल्यावर. असल्या टायरला ऊब लागते, आणि हजार किलोच्या आतली गाडी साध्या रस्त्यावर टायर तापवणार कशी? जड गाडीत तोच टायर लवकर गरम होतो, इथे तो थंडगारच राहतो. जानेवारीत चार डिग्रीला सकाळी निघालो की पहिली पाच मैल मी देवाचं नाव घेत चालवायचो. पाणी साचलेलं दिसलं की पोटात गोळा. वर मोटरवेला घुंईऽऽ असा आवाज, टप कापडी, त्यामुळे तो सगळा आत, आणि मऊ रबराला चिकटलेले खडे चाकावरच्या आर्चमध्ये टणटण आपटतात ते वेगळंच. टायर वाईट नव्हता, तो शनिवारी ट्रेलरवरून ट्रॅकला जाणाऱ्या माणसासाठी होता आणि मी सोमवारी ऑफिसला जाणारा माणूस. आठ महिन्यांत विकला, निम्म्या किमतीत.

दुसरी चूक रिमची, आणि ही जास्त महागात गेली.

या गाडीला कंपनीतून येतात १४ इंची, साडेपाच इंच रुंद, सात दांड्यांचे अलॉय, ऑफसेट ४५. इथले लोक प्रेमाने त्याला डेझी म्हणतात. बोल्ट पॅटर्न ४ बाय १०० (चार बोल्ट, १०० मिमीच्या वर्तुळावर), आपल्याकडच्या होंडा सिटीला असतो तोच, त्यामुळे बाजारात बसणाऱ्या रिमचा सुकाळ आहे आणि गोची तिथेच होते. नट बसले म्हणजे रिम बसलं असं नसतं. मी फोटो बघून एका माणसाकडून वापरलेले १५ बाय ७ घेतले, ऑफसेट २५, दिसायला एक नंबर, मॅगव्हीलवाल्या जुन्या रेस गाड्यांसारखे. ऑफसेटचा हिशेब तेव्हा केला नाही, आता करून दाखवतो. साडेपाच इंच म्हणजे साधारण १४० मिमी, निम्मे ७०, त्यातून ४५ वजा, म्हणजे मूळ रिमची बाहेरची कड हबच्या २५ मिमी बाहेर. नवीन रिम १७८ मिमी, निम्मे ८९, त्यातून २५ वजा, म्हणजे ६४ बाहेर. जवळपास चार सेंटीमीटर जास्त! मागे दोन माणसांचं सामान टाकून स्पीडब्रेकरवरून गेलो की आर्चची कड टायर तासायची, खर्र खर्र. आणि स्टिअरिंगची जी मजा होती, ज्यासाठी गाडी घेतली, ती गेली. चाकाचा मध्य २० मिमी बाहेर सरकला की रस्त्यावरची प्रत्येक घळ स्टिअरिंगला खेचते, हातात कुत्र्याचा पट्टा धरल्यासारखं.

एवढ्याने भागलं नाही. ताशी ६० मैलाला स्टिअरिंग थरथरायचं. दोनदा बॅलन्सिंग केलं, दोनदा पैसे दिले, थरथर तिथेच. कारण हबवर बसणारं मधलं भोक. या माझदाला ते ५४.१ मिमी लागतं आणि आफ्टरमार्केट रिमचं बहुतेक वेळा मोठं असतं, सगळ्या गाड्यांना चालावं म्हणून. मधली जागा भरायला प्लास्टिकच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगा मिळतात, चार रिंगांना दोन कॉफीचे पैसे. विकणाऱ्याने सांगितलं नाही, फिटिंगवाल्याने बघितलं नाही, आणि मला असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

शेवटी शांतपणे बसून वही काढली. मूळ टायर १८५/६० आर१४, उंची येते ५७७.६ मिमी. १९५/५० आर१५ची येते ५७६. म्हणजे जवळपास तीच, स्पीडोमीटर हलत नाही, गिअरिंग हलत नाही. २०५/५० आर१५ दीड टक्का मोठा, चालतो, बरेच जण घालतात पण १६०० सीसीच्या इंजिनाला तेवढीही उंची द्यायला माझा जीव होत नाही. आणि ते १७ इंचावर २१५/४० घातलेले फोटो दिसतात ना, ते ६०४ मिमी जातं, साडेचार टक्के मोठं, म्हणजे काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी जवळजवळ ६३ला असते आणि इथल्या नियमाने स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवलेलं चालत नाही. शिवाय वजन. जड चाक म्हणजे सस्पेन्शनच्या खालचं वजन, ते स्प्रिंग उचलत नाही, ते स्प्रिंगला झोडपतं.

मग १४ इंचीच का नाही ठेवले? ठेवायचेच होते खरंतर. पण १८५/६० आर१४मध्ये आता जास्त करून छोट्या हॅचबॅकचे मायलेजवाले टायर मिळतात, जोर असलेले फार थोडे. १९५/५० आर१५ला मात्र अजून चंगळ आहे. योकोहामाचा अ‍ॅडव्हान निओव्हा एडी०८आरएस, टोयोचा आर८८८आर, नानकांगचा एनएस-२आर हे सगळे ट्रॅककडे झुकलेले. त्याखाली टोयो प्रॉक्सेस टीआर१, योकोहामा फ्लेवा हे रस्त्यावरचे स्पोर्टी. आणि मग रेनस्पोर्ट, जो नावातच सांगतो की तो पावसाळी आहे. युनिरॉयल युरोपात कॉन्टिनेंटलच्या मालकीची, टायरवर छत्रीचं चिन्ह असतं, ते बघून मला एकदम आपल्या पावसाळ्याचीच आठवण आली आणि खरं सांगायचं तर निम्मा निर्णय तिथेच झाला.

रिम आरपीएफ१ घेतले ते फक्त वजनासाठी. बाथरूममधल्या काट्यावर ठेवून बघितलं (बायकोने फोटो काढून आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला, आई म्हणाली त्याला जेवायला घालतेस ना नीट). मूळ डेझी साडेपाच किलोच्या आसपास, ती २५ ऑफसेटवाली सात किलोच्या वर, आरपीएफ१ साडेचारच्या आसपास. एक इंच मोठं आणि दीड इंच रुंद असून मूळपेक्षा हलकं. ईटी ३५ असल्याने बाहेरची कड मूळपेक्षा २९ मिमीच बाहेर जाते, आर्च भरतो पण तासत नाही. आतल्या बाजूला ९ मिमी जास्त जातं, तिथे माझ्या कंपनीच्या मूळ सस्पेन्शनवर काही लागलं नाही. दिसायला थोडे कोरडे आहेत, मान्य. नव्वदीच्या गोल गोंडस गाडीला मिनिलाइट पद्धतीचे रिम जास्त शोभतात, पण आपण गाडी आतून बघतो.

फिटिंगला यावेळी गावोगावी शाखा असलेल्या मोठ्या दुकानात गेलो नाही. आधी एका ठिकाणी पोराने एअर गनने नट असे आवळले होते की घरी पाना लावून मी त्यावर उभा राहिलो तरी हलेनात. आता गेलो ते गावाबाहेर एका म्हाताऱ्या बाबाच्या वर्कशॉपमध्ये, दोन लिफ्ट, एक कुत्रं, रेडिओवर क्रिकेट. त्याने टॉर्क रेंचने आवळले, शंभर न्यूटन मीटरच्या आसपास, आणि सांगितलं पन्नास मैल चालवून परत ये, बघून देतो, पैसे नाही घेणार. घेतलेही नाहीत. रिंगा त्याने स्वतःच विचारल्या, आणल्यास का म्हणून. पाच पैकी पाच याला.

अलाइनमेंटला मात्र दिवस गेला. या गाडीला चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत किंवा बाहेर किती वळलंय ते) दोन्ही फिरवता येतात, ही चैन आहे, पण ते फिरवायचे बोल्ट इंग्लंडातल्या रस्त्यांवरच्या मिठाने बुशमध्ये (सांध्यातल्या रबरी नळीत) जाम होतात. माझे मागचे दोन कापून काढावे लागले. नवीन टायर घ्यायच्या आधी हे बोल्ट हलतात का ते बघून घ्या, नाहीतर नवा टायर वाकड्या चाकावर घासत बसतो. आता पुढे उणे एक, मागे उणे दीड डिग्री कॅम्बर आहे.

टायर कसा आहे? पहिल्याच आठवड्यात पावसात स्नेक पासवरून ग्लॉसॉपला गेलो. ए५७ हा रस्ता डोंगरावरून पाचशे मीटरच्या वर चढतो आणि हवामान आंबोलीसारखं, खाली ऊन, वर ढगात. गाडी सरकते, सरकायलाच पाहिजे, पण आधी सांगून सरकते. तीस मैलाला सुद्धा कळतं की मागचं चाक आता काय म्हणतंय, आणि या गाडीत मजा हीच आहे, ती ट्रॅकच्या टायरने साठ-सत्तरवर नेऊन ठेवली होती जिथे मला जायचंच नाही. आवाज नाही. कडक उन्हात जोरात हाणलं तर कडा जरा मऊ वाटतात, एवढ्या खोल खाचांच्या टायरचा तो स्वभावच, ट्रॅकला जाणाऱ्याने हा घेऊच नये. त्याने निओव्हा घ्यावा आणि दुसऱ्या रिमवर ठेवावा.

पहिल्या दिवशी गाडी उड्या मारत होती तेव्हा माझ्या पोटात परत गोळा, म्हटलं तिसऱ्यांदा फसलो. हवा बघितली तर ३३. इथे सगळेच सवयीने तेवढी भरतात. माझदाने या गाडीला सांगितलंय २६ पीएसआय, चारही चाकांना. हवा काढली, उड्या बंद.

खर्च : चार टायर फिटिंगसकट तीनशे पौंडांच्या आत, रिम त्याच्या दुप्पटीवर, बोल्ट आणि अलाइनमेंटने उरलासुरला खिसा साफ केला. इन्शुरन्सला रिम बदलल्याचं फोन करून कळवलं, प्रीमियम फारसा हलला नाही, पण न कळवता क्लेमच्या वेळी अडकलेले लोक बघितलेत.

आणि मूळ डेझी रिम शेडमध्ये गोणपाटात गुंडाळून ठेवलेत. विकणार नाहीये, विचारू नका, बायको रोज विचारते तेवढं पुरे आहे.