हॉटेल नंतर, आधी स्टेशन: काही महिने वापरलेल्या पद्धतीबद्दल

कामानिमित्त मला मोठ्या शहरांत जाऊन राहावं लागतं आणि खोलीचं भाडं स्वतःच्या खिशातून जातं. त्यामुळे गेले काही महिने हॉटेल शोधण्याचा क्रमच मी उलटा केला आहे. बुकिंगच्या अ‍ॅपवर शहराचं नाव टाकून स्वस्त ते महाग अशी यादी चाळत बसण्याऐवजी आधी त्या शहराच्या मेट्रोचा किंवा लोकलचा नकाशा उघडते. कामाची ठिकाणं कोणत्या मार्गावर पडतात ते बघते, त्या मार्गावरची तीन-चार स्टेशनं ठरवते आणि हॉटेलं फक्त त्यांच्या आसपासचीच बघते. पद्धत एवढीच. ती कुठे छान चालते आणि कुठे कमी पडते, ते आता पुरेसं कळलंय, म्हणून लिहिते आहे.

सगळ्यात मोठा फायदा अर्थातच भाड्याचा. बुकिंगची अ‍ॅप्स आपल्याला शहराच्या मध्याकडे ढकलत राहतात, आणि मध्यावर भाडी चढलेली असतात. पण पाहुण्याला शहराचा मध्य हवा असतो असं थोडंच आहे? त्याला दोन-तीन ठरावीक ठिकाणी वेळेवर पोचायचं असतं. टोकियोचं उदाहरण घ्या. तिथली यामानोते लाइन म्हणजे साडेचौतीस किलोमीटरचं वर्तुळ, त्यावर 30 स्टेशनं, आणि पूर्ण फेरीला साधारण एक तास. म्हणजे या वर्तुळावर कुठेही राहिलात तरी दुसऱ्या कुठल्याही स्टेशनला जवळच्या बाजूने अर्ध्या तासाच्या आसपास पोचता, गाडी न बदलता. तरीही सगळे शिंजुकू आणि शिबुयालाच खोली शोधतात. उत्तरेकडच्या ओत्सुका किंवा कोमागोमेसारख्या शांत स्टेशनांपाशी खोली घेतली तर त्याच गाडीतून तोच प्रवास होतो आणि गर्दीच्या ठिकाणाचं भाडं मोजावं लागत नाही.

यातला 'गाडी न बदलता' हा भाग मला आता अंतराहूनही मोठा वाटतो. सरळ जाणारी पंचवीस मिनिटं परवडतात, पण दोनदा गाडी बदलायला लावणारी पंधरा मिनिटं दिवसातून दोन-तीनदा करून बघा, पाय बोलायला लागतात. पॅरिसच्या शातले–ले आलसारख्या जंक्शनमध्ये एका गाडीतून उतरून दुसरीपर्यंत पोचायचं म्हणजे बोगद्यांतून बरीच पायपीट असते, आणि सोबत बॅग असेल तर तीच वाट दुप्पट वाटते. म्हणून स्टेशन निवडताना मी सगळ्यात जास्त मार्ग जिथे मिळतात ते शोधत नाही. माझ्या कामाचा मार्ग जिथून जातो असं लहान स्टेशन शोधते. तिथे फलाटावरून रस्त्यावर यायला दोन मिनिटं पुरतात.

आता 'स्टेशनजवळ' या शब्दाबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. एका बुकिंगच्या अ‍ॅपवर हॉटेल स्टेशनपासून चारशे मीटरवर दाखवलं होतं. नकाशात पायी जायचा रस्ता काढला तर मध्ये रेल्वेचे रूळ, आणि पूल थेट पुढच्या चौकात. चालणं एक किलोमीटरच्या वर. सरळ रेषेत मोजलेलं अंतर खोटं नसतं, पण आपण काही पक्षी नाही! नदी, रूळ, आठ पदरी रस्ता यांतलं काहीही मध्ये आलं की त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

दुसरी गोष्ट, स्टेशन म्हणजे नकाशावरचा एक ठिपका नव्हे. शिंजुकूला बाहेर पडायचे दोनशेहून जास्त मार्ग आहेत असं सांगतात. तिथे 'स्टेशनजवळ' म्हणजे नेमकं कुठे? ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर भुयारी स्टेशनांची प्रवेशद्वारं बऱ्याचदा वेगवेगळी नोंदलेली असतात. मी हॉटेलच्या दारापासून सगळ्यात जवळच्या प्रवेशद्वारापर्यंतचं चालणं मोजते, आणि ते द्वार रात्री उघडं असतं का तेही बघते, कारण काही द्वारं लवकर बंद होतात. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी नियमच आहे: 80 मीटरला एक मिनिट धरायचं आणि उरलेल्या तुकड्याचंही पूर्ण मिनिट मोजायचं. मी सगळीकडे हाच हिशोब लावते. आठशे मीटर म्हणजे दहा मिनिटं, आणि त्यापलीकडचं हॉटेल मी सोडून देते, कितीही स्वस्त असो.

मग वेळ. नकाशाचं अ‍ॅप आपण उघडतो त्या क्षणाचा प्रवास दाखवतं, आणि हॉटेल शोधायला आपण बसतो जेवणानंतर निवांत. म्हणून वेळ स्वतः घालायची: सकाळी कामाला निघायची, आणि मुख्य म्हणजे रात्री परतायची. न्यूयॉर्कचा सबवे चोवीस तास चालतो. लंडनमध्ये 2016 पासून काही ठरावीक मार्गांवर रात्रभर ट्यूब, म्हणजे तिथली मेट्रो, धावते, पण फक्त शुक्रवारी आणि शनिवारी. टोकियोत मध्यरात्रीच्या आसपास गाड्या थांबतात त्या पहाटेपर्यंत. रात्री उशिरा संपणारा कार्यक्रम असेल आणि हॉटेल शेवटच्या गाडीवर अवलंबून असेल, तर एका टॅक्सीत सगळ्या मुक्कामाची बचत जाते. एकट्या बाईने रात्री स्टेशनपासून हॉटेलपर्यंत चालायचं असेल तर वाटेवर दुकानं, दिवे, माणसं आहेत का हे रस्त्याच्या फोटोंत आधी पाहून घ्यावं. मी हे दर वेळी करते, आणि यावरून चांगली-चांगली हॉटेलं नाकारली आहेत.

इथे एक तांत्रिक गोष्ट कळली तर उपयोग होतो. नकाशातली वेळापत्रकं बहुतेक ठिकाणी वाहतूक संस्थांनीच एका ठरावीक साच्यात दिलेली असतात. हा साचा 2005 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेने गूगलबरोबर सुरू केला आणि पुढे जगभर पसरला. संस्थेने जितक्या तारखांपर्यंतचं वेळापत्रक दिलं असेल तितकंच अ‍ॅपला ठाऊक. तीन महिन्यांनंतरची तारीख टाकली की कधीकधी गाड्याच दिसत नाहीत, म्हणजे तिथे गाड्या नाहीत असा अर्थ घेऊ नका. येत्या आठवड्यातला तोच वार टाकून बघा. आणि निघण्याआधी काही दिवस त्या संस्थेच्या स्वतःच्या साइटवर दुरुस्तीची कामं तपासा. शनिवार-रविवारी मार्ग बंद ठेवायची पद्धत बऱ्याच शहरांत आहे.

तिकिटाचा खर्च भाड्यात मिळवल्याशिवाय दोन हॉटेलांची तुलना करू नये. लंडनमध्ये तिकिटाचा दर झोनवर, म्हणजे शहराच्या मध्यापासून बाहेर आखलेल्या पट्ट्यांवर, ठरतो आणि दिवसभराच्या खर्चाची कमाल मर्यादाही झोनप्रमाणे वाढते, त्यामुळे लांबच्या स्वस्त खोलीची थोडी बचत तिकिटात जाते. पॅरिसमध्ये हिशोब उलटा झाला आहे. 1 जानेवारी 2025 पासून मेट्रो आणि उपनगरी रेल्वेचं सुटं तिकीट साऱ्या इल-द-फ्रान्स भागात, म्हणजे पॅरिस आणि भोवतालच्या प्रदेशात, एकाच दराचं आहे, विमानतळ वगळून. म्हणजे बाहेरच्या बाजूला राहिलं तरी त्या तिकिटाला जादा पडत नाही. बर्लिनला विमानतळ सी झोनमध्ये येतो. शहरातलं ए आणि बी झोनचं तिकीट तिथे चालत नाही. बासेल, बर्न आणि जिनिव्हात मुक्कामाच्या पाहुण्यांना हॉटेलकडून स्थानिक वाहतुकीचा पास मिळतो, आणि लक्झेंबर्गमध्ये तर 2020 पासून सार्वजनिक वाहतूक सगळ्यांनाच मोफत आहे. युरोपात अनेक शहरांत मुक्कामाचा कर वेगळा घेतात आणि तो बुकिंगच्या पहिल्या आकड्यात नेहमी दिसत नाही. तोही धरावा.

ही पद्धत कमी कुठे पडते? बसवर चालणाऱ्या शहरांत. नकाशावर बसची रेघ आणि मेट्रोची रेघ सारखीच जाड दिसते, पण एक बस दर आठ मिनिटांनी येते आणि दुसरी दर चाळीस. तिथे थांब्याचं अंतर दुय्यम. दिवसभर, रविवारीसुद्धा, किती वेळाने बस येते तेच पाहायचं. आई-वडील सोबत असतील किंवा सामान जड असेल तर लिफ्ट हा वेगळा प्रश्न आहे. लंडनच्या ट्यूबच्या 272 स्टेशनांपैकी साधारण एक तृतीयांशच जिन्याशिवाय जाता येण्याजोगी आहेत. अशा वेळी मी स्टेशनांची यादी लिफ्ट असलेल्यांपासूनच सुरू करते, मग भाडं थोडं वाढलं तरी चालेल.

आवाजाचं काय, असं मला नेहमी विचारतात. भुयारी स्टेशनाजवळ फारसा त्रास होत नाही. उन्नत मार्ग असेल तर मात्र होतो, आणि उपाय म्हणजे बुकिंगनंतर लगेच हॉटेलला लिहून मागच्या बाजूची, वरच्या मजल्यावरची खोली मागणे. बहुतेक ठिकाणी देतात. पाहुण्यांच्या अभिप्रायांत आवाज, जिना, स्टेशन, रात्र हे शब्द शोधले की हॉटेलच्या वर्णनात नसलेलं सगळं पाच मिनिटांत कळतं. मी गुणांचा आकडा बघणं जवळजवळ सोडून दिलं आहे.

पहाटेचं विमान असेल त्या शेवटच्या रात्रीपुरती मी पद्धत बदलते. विमानतळाकडे जाणारी पहिली गाडी किती वाजता सुटते ते आधी बघते. ती गाडी विमानासाठी पुरेशी लवकर नसेल, तर शेवटचा मुक्काम विमानतळाजवळ हलवते आणि आधीच्या रात्रींसाठी स्टेशनाजवळची खोली तशीच ठेवते. दोन बुकिंगं करावी लागतात, बॅग एकदा जास्त भरावी लागते, पण पहाटे तीनला टॅक्सी शोधावी लागत नाही.