चोराशी समोरासमोर: न्यूझीलंडमधील रिस्टोरेटिव्ह जस्टिस सेवेचे एक परीक्षण

गेल्या वर्षी जुलैमध्ये, म्हणजे न्यूझीलंडच्या ऐन हिवाळ्यात, आमच्या घरी भरदुपारी चोरी झाली. सासूबाईंनी लग्नात माझ्या हातात घातलेल्या दोन पाटल्या, मुलाचा लॅपटॉप आणि कपाटातली थोडी रोकड गेली. चोर एकवीस वर्षांचा होता. तो आठवड्याभरात पकडला गेला, न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला, आणि काही दिवसांनी मला एका संस्थेचा फोन आला. ज्याने चोरी केली त्याच्याशी समोरासमोर बसून बोलायची तुमची इच्छा आहे का, असे त्या बाईंनी विचारले. गुन्हेगार आणि पीडित यांना समोरासमोर आणून झालेले नुकसान कसे भरून काढायचे हे बोलून ठरवण्याच्या या पद्धतीला रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात. मी त्या सेवेचा लाभ घेतला, तिचे फायदे अनुभवले आणि तिची एक मोठी उणीवही सोसली. इथल्या अनेक मराठी कुटुंबांना असा फोन येऊ शकतो आणि बहुतेकांना तो कशासाठी आहे हे कळत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ही सेवा पीडिताला मोफत मिळते आणि ती दोन्ही बाजूंसाठी ऐच्छिक असते. कोणत्याही टप्प्यावर कोणीही कारण न सांगता माघार घेऊ शकतो. न्यूझीलंडने १९८९च्या कायद्याने बालगुन्हेगारांच्या प्रकरणांत कुटुंबाची बैठक हा न्यायप्रक्रियेचा नियमित भाग केला, आणि त्यामागे इथल्या मूळनिवासी माओरी समाजाची प्रश्न कुटुंबासह सोडवण्याची जुनी रीत होती. प्रौढ गुन्हेगारांच्या बाबतीत २००२च्या शिक्षाविषयक कायद्याने अशा बैठकीतील निष्पत्ती शिक्षा ठरवताना विचारात घेणे न्यायाधीशांवर बंधनकारक केले. डिसेंबर २०१४पासून जिल्हा न्यायालयात गुन्हा कबूल झाला असेल, पीडित व्यक्ती असेल आणि सेवा उपलब्ध असेल, तर बैठक शक्य आहे का हे पाहण्यासाठी शिक्षेपूर्वी सुनावणी पुढे ढकलावीच लागते. मला आलेला फोन हा त्याच तरतुदीचा परिणाम होता.

या सेवेतील सर्वांत उत्तम भाग म्हणजे बैठकीआधीची तयारी, असे माझे स्पष्ट मत आहे. समन्वयक बाई दोनदा आमच्या घरी आल्या आणि दोन्ही वेळा दीड-दीड तास बसल्या. त्यांनी मला माफ करण्याचा आग्रह केला नाही, आणि त्या मुलाची करुण कहाणी सांगून माझे मन वळवण्याचाही प्रयत्न केला नाही. तुम्हाला त्याला काय विचारायचे आहे, काय ऐकायची तयारी नाही, आणि तो उद्धटपणे बोलला तर तुम्ही काय कराल, असे प्रश्न त्यांनी विचारले आणि माझी उत्तरे माझ्याच शब्दांत लिहून घेतली. माझ्या नवऱ्याने येण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी त्याला एका शब्दानेही टोकले नाही. सोबतीला कोणाला आणणार, असे विचारल्यावर मी धाकट्या जावेचे नाव सांगितले, तर त्या तिच्याशीही वेगळ्या बोलल्या. दुसऱ्या बाजूला त्या मुलाच्याही अशाच भेटी होत होत्या, आणि तो खरोखर जबाबदारी घेतो आहे असे वाटले नसते तर बैठक झालीच नसती, हे त्यांनी मला आधीच सांगून ठेवले होते.

बैठक ऑक्टोबरमध्ये एका समाजकेंद्राच्या खोलीत झाली. गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर दोन समन्वयक, तो मुलगा, त्याची आई, एक पोलीस अधिकारी, मी आणि माझी जाऊ असे सात जण होतो. सुरुवातीला कराकिया, म्हणजे माओरी प्रार्थना झाली. त्यानंतर मुलाने स्वतःच्या तोंडाने त्या दिवशीची हकीकत सांगितली. त्याची क्षमायाचना मला पाठ करून आल्यासारखी वाटली आणि तिने माझ्यावर फारसा परिणाम केला नाही. परिणाम झाला तो त्याच्या उत्तरांचा. आमचेच घर का, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला की तो त्या रस्त्याने नेहमी जात असे, आमच्या दारात कायम चपला-बुटांचा ढीग दिसे, आणि त्या दुपारी तिथे एकही जोड नव्हता. इतकेच कारण होते. कोणी पाळत ठेवली नव्हती, कोणी खबर दिली नव्हती. चोरीच्या पंधरा दिवस आधी आमच्याकडे नळदुरुस्तीला आलेल्या माणसावर मी मनातल्या मनात तीन महिने संशय घेत होते आणि त्यापायी रात्रीची झोप गमावून बसले होते. तो संशय त्या एका वाक्याने संपला. पोलिसांच्या अहवालात किंवा न्यायालयाच्या निकालात हे वाक्य मला कधीच मिळाले नसते. पाटल्या मात्र परत मिळण्यासारख्या राहिल्या नव्हत्या. त्या त्याने तीनशे डॉलरला विकल्या होत्या. सासूबाई आता हयात नाहीत हे मी सांगितले, तेव्हा त्याची आई रडली आणि तो बराच वेळ मान खाली घालून बसला.

शेवटी लेखी करार झाला. त्याने आठवड्याला चाळीस डॉलर याप्रमाणे बाराशे डॉलर द्यायचे, व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाला जायचे, आणि सहा महिन्यांनी आपण काय केले हे मला पत्राने कळवायचे, असे त्यात होते. अहवाल न्यायाधीशांकडे गेला आणि शिक्षा ठरवताना तो विचारात घेतला गेला. शिक्षेत सवलत मिळते म्हणून गुन्हेगार पश्चात्तापाचे सोंग करतात, असा आक्षेप अनेक जण घेतात आणि तो निराधार नाही. परंतु दोन तास माझ्या डोळ्यांसमोर बसून प्रश्नांची उत्तरे देणे हे वकिलाने लिहून दिलेल्या माफीनाम्यापेक्षा त्याला निश्चितच जड गेले, हे मी पाहिले आहे.

इथपर्यंतच्या सेवेला मी पूर्ण गुण देते. यानंतर मात्र माझी निराशा झाली. बैठकीच्या दिवशीच माझ्याकडून समाधानाची प्रश्नावली भरून घेतली गेली आणि मी प्रत्येक प्रश्नाला सर्वोच्च गुण दिले, कारण त्या क्षणी माझे मन खरोखरच हलके झाले होते. पुढे सात हप्ते आले आणि आठवा आला नाही. मी संस्थेला फोन केला, तेव्हा अहवाल दिल्यानंतर आमचे काम संपते असे उत्तर मिळाले. तिथून दुसऱ्या कार्यालयाकडे आणि तिथून तिसऱ्याकडे मला पाठवण्यात आले, आणि समुपदेशनाला तो जातो की नाही हे मला सांगण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. ज्या व्यक्तीला बोलते करण्यासाठी इतके कष्ट घेतले, तिला करार मोडल्याची साधी बातमीही कोणी देऊ नये, ही गोष्ट मला चोरीइतकीच लागली. माझी ती प्रश्नावली मात्र कुठल्यातरी तक्त्यात अजूनही शंभर टक्के समाधानी म्हणून नोंदलेली असेल.

या अनुभवानंतर मी या सेवेच्या परिणामकारकतेविषयी जे प्रसिद्ध झाले आहे ते वाचू लागले. न्यूझीलंडच्या न्याय मंत्रालयाच्या विश्लेषणानुसार, अशा बैठकीत भाग घेतलेल्यांचे पुढील बारा महिन्यांतील पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण तुलनायोग्य गुन्हेगारांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी होते, तर तीन वर्षांच्या कालावधीत हा फरक ७.५ टक्क्यांवर येतो. म्हणजे परिणाम आहे, पण तो काळाबरोबर ओसरतो. शिवाय यात एक मूलभूत अडचण आहे: जो गुन्हेगार स्वेच्छेने पीडितासमोर बसायला तयार होतो, तो कदाचित आधीपासूनच सुधारण्याच्या वाटेवर असतो. दोन्ही गट वय, गुन्हा आणि पूर्वेतिहास यांबाबतीत कितीही सारखे निवडले, तरी मनाची ही तयारी आकड्यांत पकडता येत नाही.

ही अडचण टाळायची असेल तर आधी तयार असलेल्यांची यादी करून त्यांतील कोणाची बैठक घ्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवावे लागते. असे प्रयोग झाले आहेत. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे दहा प्रयोग एकत्र तपासले गेले आणि दोन वर्षांतील पुन्हा गुन्हे करण्यात माफक पण खरी घट आढळली. इंग्लंडमधील तीन योजनांच्या मूल्यमापनात सुमारे ८५ टक्के पीडित समाधानी होते आणि गुन्ह्यांची वारंवारता १४ टक्क्यांनी घटली होती. लंडनमधील घरफोडी आणि लुटीच्या पीडितांमध्ये बैठकीनंतर आघाताची लक्षणे कमी झाल्याचेही दिसले, आणि माझ्या झोपेच्या अनुभवावरून ते मला मनापासून पटते. सॅन फ्रान्सिस्कोत गंभीर आरोप असलेल्या १४३ अल्पवयीनांवर असाच प्रयोग झाला, तेव्हा सहा महिन्यांत पुन्हा अटक होण्याचे प्रमाण ४४ टक्क्यांनी घटले आणि फरक चार वर्षांनंतरही टिकून राहिला. तिथे मुलांनी करारातील गोष्टी पूर्ण कराव्यात म्हणून बैठकीनंतर सहा महिने त्यांना सोबत आणि देखरेख दिली जात होती. फरक टिकण्यामागे तेच एकमेव कारण आहे असा दावा मी करणार नाही, पण माझ्या प्रकरणात नेमके तेच नव्हते, हे नजरेआड करणे मला शक्य नाही.

सर्वत्र यश मिळते असेही नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे १९९५पासून झालेल्या प्रयोगांत तरुणांच्या हिंसक गुन्ह्यांत मोठी घट दिसली, पण मद्यपान करून वाहन चालवणाऱ्यांच्या बाबतीत काहीही लाभ झाला नाही. त्या गुन्ह्यात समोर बसून बोलणारी, दुखावलेली अशी एक व्यक्ती बहुधा नसते. बैठकीची शक्ती पीडिताच्या उपस्थितीत असेल, तर ती नसताना काय उरते, हा प्रश्न या निष्कर्षातून उभा राहतो.

हे वाचताना मला माझ्या माहेरची आठवण झाली. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा सातारा जिल्ह्यातील आमच्या गावातही समिती झाली. ती मोहीम आणि इथली सेवा एकसारखी नाही. तिथे भर तडजोडीवर होता, आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येनुसार लाखांच्या घरातले बक्षीस मिळत असे. भावकीतली माणसे वर्षानुवर्षांनी एका सतरंजीवर बसली, हे त्या मोहिमेचे मोठे देणे आहे आणि ते मी नाकारत नाही. पण माझ्या चुलत्यांचा बांधाचा वाद मिटला म्हणून वहीत नोंद झाली, आणि पुढच्याच पेरणीला शेजाऱ्याने बांध पुन्हा कोरला, तेव्हा मिटलेला तंटा पुन्हा उघडण्यासाठी त्या वहीत रकानाच नव्हता. मिटलेल्या तंट्यांची संख्या मोजली जात होती. ते मिटलेले राहिले का, हे आमच्या गावात कोणी मोजले नाही. हजारो मैलांवरच्या दोन व्यवस्थांत मला एकच चूक भेटली.

म्हणून अशा सेवेची परिणामकारकता तीन वेळा तपासावी, असे मला वाटते: बैठकीच्या दिवशी, सहा महिन्यांनी आणि दोन वर्षांनी, आणि प्रत्येक वेळी गुन्हेगाराने पुन्हा गुन्हा केला का याच्या जोडीने, करार पाळला गेला का आणि पीडित आता कसा आहे, हेही विचारावे. यासाठी खर्च वाढेल हे खरे आहे, पण आज तयारीवर जेवढा वेळ दिला जातो त्याच्या काही अंशानेही हे काम होऊ शकते.

तुम्हाला असा फोन आला तर नाही म्हणण्याची घाई करू नका. निदान पहिली भेट तरी घ्या, कारण ती घेतल्याने तुम्ही कशालाही बांधले जात नाही. इंग्रजीत मन मोकळे करणे घरातल्या वडीलधाऱ्यांना अवघड जात असेल, तर दुभाषाची मागणी पहिल्याच भेटीत करा. नुकसानीचे पैसे लवकर हाती येतील या एकाच अपेक्षेने जात असाल, तर मी जाण्याचा सल्ला देणार नाही. करार लिहिला जात असताना हप्ता चुकला तर मला कोण कळवणार, त्या व्यक्तीचे नाव आणि फोन नंबर काय, हे करारातच लिहून घ्या. मी तो प्रश्न विचारला नव्हता. आठवा हप्ता मला चार महिन्यांनी मिळाला, आणि तोही त्या मुलाच्या आईने स्वतः समन्वयक बाईंना गाठून पाठवला म्हणून.