रेनॉक्स डीसीआर-२५० : अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

काच उत्तम, पण तिला धरून ठेवणारी क्लिप बेताची. एका वाक्यात सांगायचं तर डीसीआर-२५० हे लेन्सच्या पुढे लावायचं, किडे जवळून टिपायचं भिंग एवढंच आहे. पण या भिंगाचं यश लेन्स, फ्लॅश आणि डिफ्युझर (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा) अशा तीन गोष्टींवर टांगलेलं असतं, म्हणून जरा सविस्तर.

इथली जोडी कॅनन २००डी कॅमेरा आणि ५५-२५० आयएस एसटीएम झूम लेन्स अशी आहे. डीसीआर-२५० हे +८ डायऑप्टरचं भिंग (डायऑप्टर म्हणजे भिंगाची ताकद). लेन्स अनंतावर फोकस केली, तर झूमचे मिलिमीटर भागिले १२५ म्हणजे विवर्धन. १२५ मिमीला १:१ (सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढा), २५० मिमीला २:१ (त्याच्या दुप्पट). कॅननच्या एपीएस-सी सेन्सरवर २:१ म्हणजे चौकटीत जेमतेम ११ मिमी रुंदी मावते. उड्या मारणारा कोळी चौकट भरून टाकतो, चतुराचं फक्त डोकं येतं. पूर्ण चतुर, टाचणी (चतुराचा सडपातळ भाऊबंद) किंवा फुलपाखरू हवं असेल तर हे भिंग चुकीचं. त्यासाठी डीसीआर-१५० (+४.८) घ्या, विषयापासून २० सेंमी अंतरही मिळतं. पहिलं भिंग घेणाऱ्याने खरं तर १५०च घ्यावं. २५० बघून सगळे भुलतात आणि मग चौकटीत किडाच सापडत नाही.

२५०चं कामाचं अंतर साधारण १२ सेंमी. फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली तरी विषय १० ते १२ सेंमीच्या पट्ट्यातच हवा. त्यामुळे ऑटोफोकस बंद करायचा आणि शरीर पुढे-मागे झुलवून फोकस साधायचा. एसटीएम लेन्सवर अंतराच्या खुणा नसतात, म्हणून भिंग लावण्याआधी लांबच्या झाडावर ऑटोफोकस करून मगच मॅन्युअल फोकसवर (एमएफ) न्या. कॅमेरा बंद-चालू केलात तर पुन्हा तपासा. झूम १०० मिमीच्या आसपास किंवा खाली आणला की कोपरे काळे पडू लागतात, तेव्हा तो भाग विसरूनच जा.

एक्स्टेन्शन ट्यूबपेक्षा (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये लावायची पोकळ नळी) याचा मोठा फायदा म्हणजे प्रकाश घटत नाही. लेन्स अनंतावर असताना एफ/११ हे एफ/११च राहतं (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं भोक लहान). फोकसची खोली (एका वेळी स्पष्ट येणारा थर) मात्र कोणी वाढवून देत नाही. २:१ला एफ/११वर ती सुमारे ०.१ मिमी भरते. एफ/१६ला ती थोडी वाढते, पण विवर्तनामुळे (लहान भोकातून जाताना प्रकाश पसरतो, त्यामुळे) २४ मेगापिक्सेलवर कोळ्याच्या अंगावरचे केस मऊ पडतात. एफ/५.६ला चकचकीत कडांवर जांभळी किनार दिसते, ती एफ/८ला बरीचशी जाते. म्हणून एफ/८ ते एफ/११, बस.

आता क्लिप. ती ५२ ते ६७ मिमीच्या लेन्सवर बसते, दोन्ही बाजूंचे स्प्रिंगचे खटके आट्यांत अडकतात. कोरड्या हातांनी ठीक. ओल्या बोटांनी, घाईत लावली तर एक बाजू आट्यांत नीट बसत नाही, भिंग तिरकं राहतं, आणि फोटोची एक बाजू विनाकारण मऊ येते. लोक मग काचेला दोष देतात. झुडपात घुसताना फांदी लागून भिंग खाली पडण्याची भीती वेगळीच. यावर उपाय सोपा आहे: भिंगाच्या मागच्या आट्या ४३ मिमीच्या आहेत, या लेन्सच्या ५८च्या. ५८-४३ स्टेप-डाउन रिंग घ्या, भिंग क्लिपमधून फिरवून काढा आणि रिंगेत बसवा. थेट ५८-४३ मिळाली नाही तर ५८-५२ आणि ५२-४३ अशा दोन जोडता येतात. अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगा घट्ट आवळू नका, नंतर सुटत नाहीत. पितळी मिळाली तर उत्तम. भिंग पटकन काढता येत नाही हा तोटा उरतो.

फ्लॅशशिवाय २:१ हातात धरून काढायच्या फंदात पडू नका. सुरुवातीचं सेटिंग: मॅन्युअल, १/२००, एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/१६. १/२०० ही २००डीची सिंक मर्यादा आहे, म्हणजे शटर याहून वेगवान केलं तर साध्या फ्लॅशचा उजेड पूर्ण चौकटीला मिळत नाही. हालचाल शटर गोठवत नाही, फ्लॅश गोठवतो. पॉवर जितकी कमी तितका झोत आखूड, म्हणून १/१६च्या वर जायची वेळ आली तर आधी डिफ्युझर विषयाच्या जवळ आणा. गोडॉक्स टीटी३५०सारखा दोन सेलवर चालणारा छोटा फ्लॅश पुरतो. सेल रिचार्जेबल एनआय-एमएचच वापरा. २००डी मार्क २ असेल तर सावध राहा: त्याच्या हॉट शूवर (कॅमेऱ्यावरची फ्लॅश बसवायची खाच) मधली पिन नाही, स्वस्तातले साधे मॅन्युअल फ्लॅश पेटतच नाहीत. दुकानात लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

२५० मिमीला लेन्सची नळी बरीच पुढे येते आणि हॉट शूवरच्या फ्लॅशसमोर तिचीच सावली पडते. डिफ्युझर लेन्सच्या टोकाच्याही पुढे झुकलेला हवा. पावसात ट्रेसिंग पेपर तासाभरात लोळागोळा होतो. काचेच्या सामानाभोवती गुंडाळून येतो तो पांढरा पातळ फोम टिकतो. त्याचे दोन थर, मध्ये दोन-तीन सेंमी मोकळी जागा. एकाच थरात मधोमध पांढरा डाग उमटतो. तपासायची जागा म्हणजे कोळ्याचे डोळे किंवा ढालकिड्याची पाठ: तिथल्या प्रतिबिंबात डिफ्युझर सलग पांढरा दिसायला हवा. पार्श्वभूमी काळीकुट्ट येत असेल तर किड्यामागे पाच-दहा सेंमीवर एखादं पान येईल असा कोन शोधा, किंवा आयएसओ ८०० करून बाहेरचा उजेड आत घ्या.

डाव्या हाताच्या चिमटीत फांदी धरायची आणि त्याच हातावर लेन्स टेकवायची, म्हणजे वाऱ्यात किडा आणि कॅमेरा एकत्र हलतात. हे जमलं की हातानेच आठ-दहा फ्रेमचं स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम जोडून एक फोटो) शक्य होतं, सरकताना मात्र ०.१ मिमीहून मोठी उडी नको. झेरीन स्टॅकर या फ्रेम जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पीमॅक्स पद्धत केस आणि मिशा सांभाळते पण नॉइज वाढवते, डीमॅप गुळगुळीत पृष्ठभागाला बरी. कास पठारावरच्या दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पतीला वारा नसेल तरच स्टॅक करा. चिकट थेंब चकाकतात, तिथे फ्लॅश आणखी मऊ लागतो. आणि १२ सेंमी गाठायला पठारावर आडवं पडू नका. वाटेच्या कडेला मिळतं तेवढंच काढावं.

बुरशीचं काय? भिंग छोटं आहे, म्हणून ते बॅगेच्या कप्प्यात विसरलं जातं, आणि कोकणातल्या जुलैच्या हवेत तिथेच घोळ होतो. हवाबंद डबा, सिलिका जेल, दहा-बारा सेंमीचा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत. एसी गाडीतून उतरल्यावर अर्धा तास तरी कॅमेरा झिपच्या पिशवीतून काढू नका. धुकं बाहेरच्या काचेवर धरलं तर पुसता येतं, भिंग आणि लेन्स यांच्या मधल्या पोकळीत धरलं तर रिंग सोडवत बसावं लागतं.