खोल पाण्यासाठी पिकअपची तयारी: ब्रीदर, स्नॉर्केल की लिफ्ट?

टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉससारखी फोर बाय फोर पिकअप घेतलेला माणूस ओढे-नाले ओलांडण्याच्या तयारीसाठी गॅरेजमध्ये जातो, तेव्हा त्याच्यापुढे बहुधा तीन पर्याय येतात. इंजिनाची हवा छपराच्या उंचीवरून घेणारे स्नॉर्केल बसवणे हा पहिला. सस्पेन्शन उंच करून मोठे टायर घालणे हा दुसरा. ॲक्सल आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदर नळ्या, म्हणजे आतली हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या नळ्या, वर आणून विजेच्या जोडण्या पाण्यापासून जपणे हा तिसरा. तिन्हींचा खर्च एकदम करणे बहुतेकांना जमत नाही आणि निवड करायची वेळ आली की स्नॉर्केल जिंकते, कारण ते बाहेरून दिसते आणि गाडीला रुबाब देते. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. गाडी किती खोल पाण्यात जाऊ शकते हे तिच्या सर्वांत वरच्या तोंडावर नव्हे, तर पाणी आत शिरू शकेल अशा सर्वांत खालच्या तोंडावर ठरते, आणि ते तोंड बहुतेक वेळा इंजिनाचे नसते.

हायलक्सचे उदाहरण घेऊ. भारतात मिळणाऱ्या हायलक्सची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनीने ७०० मिलिमीटर सांगितली आहे आणि तिच्या टायरचा व्यास सुमारे ७७५ मिलिमीटर आहे. म्हणजे ही मर्यादा जवळजवळ टायरच्या वरच्या कडेपर्यंत पोहोचते. ॲक्सलचा मध्य मात्र जमिनीपासून जेमतेम ३८ सेंटिमीटरवर असतो, त्यामुळे पाणी गुडघ्याला लागले तेव्हाच मागचा डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा ॲक्सलवरचा गिअरचा डबा, बुडालेला असतो. फोर्स गुरखाकडे पाहिले तर हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. तिला स्नॉर्केल कारखान्यातूनच बसवून येते, तरीही कंपनीने दिलेली मर्यादा ७०० मिलिमीटरच आहे. हवेचे तोंड छपरापाशी असूनही आकडा छपरापर्यंत जात नाही, कारण दारांची सीले, विजेच्या जोडण्या, अल्टरनेटर, पंखा, बेअरिंग आणि गाडीचे तरंगणे या सगळ्यांच्या मर्यादा त्याआधीच येतात.

म्हणून पहिला खर्च ब्रीदरचा. घाटातून किंवा महामार्गावरून आलेल्या गाडीचा डिफरन्शियल चांगलाच तापलेला असतो आणि आतली हवा फुगलेली असते. तो एकदम थंड ओढ्यात बुडाला की ती हवा आकसते आणि आत पोकळी तयार होते. ब्रीदरचे तोंड पाण्याखाली असेल किंवा त्याची झडप चिखलाने अडकली असेल, तर ही पोकळी ऑइल सीलच्या ओठांमधून पाणी ओढून घेते. गाडी त्या दिवशी व्यवस्थित घरी येते, म्हणून मालकाला काही कळत नाही, आणि पुढे कधीतरी दुधाळ झालेल्या तेलात फिरून झिजलेला गिअर ओरडू लागतो. पुढचा आणि मागचा डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे ताकद वाटणारा डबा) या चारही ठिकाणच्या नळ्या इंजिनाच्या कप्प्यात उंच जागी आणून एका छोट्या फिल्टरला जोडता येतात. मागच्या ॲक्सलची नळी वरखाली होणाऱ्या हालचालीत ताणली जाऊ नये इतकी सैल ठेवावी आणि सायलेन्सरपासून लांब न्यावी. स्नॉर्केलच्या किमतीच्या एका लहान हिश्श्यात हे काम होते, आणि गाडीच्या पत्र्याला एकही भोक पाडावे लागत नाही.

याच टप्प्यात विजेच्या कनेक्टरमध्ये पाणी रोखणारे डायइलेक्ट्रिक ग्रीस भरून घ्यावे, फ्यूजबॉक्सच्या झाकणाचे रबर पाहावे, आणि पुढे-मागे वजन सोसणारे, चेसिसला बोल्टने बसवलेले टो हूक आहेत की नाहीत हे तपासावे. मागचा रिकव्हरी पट्टा (अडकलेली गाडी ओढण्याचा) पाण्यात उतरण्याआधीच हुकाला लावून हौद्यात ठेवलेला असावा. गाडी अडकल्यावर गढूळ पाण्यात वाकून हूक शोधण्याची वेळ कुणावर आणू नये.

आता स्नॉर्केल. त्याची बाजू भक्कम आहे, आणि ती आकड्यांतच समजते. हायलक्सचे इंजिन २,७५५ सीसीचे, चार सिलिंडरचे आणि १५.६ ला १ अशा कॉम्प्रेशनचे आहे, म्हणजे सिलिंडरमधली हवा १५.६ पटीने दाबली जाते. हिशेब केला तर पिस्टन वर आल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये सुमारे ४७ मिलिलिटर जागा उरते, म्हणजे चहाच्या अर्ध्या कपाहूनही कमी. त्याहून जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये गेले की ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. डिफरन्शियलचे नुकसान सावकाश होते, इंजिनाचे एका फेऱ्यात. म्हणून मर्यादेच्या जवळपास वारंवार जाणाऱ्याला, किंवा तळ दगडधोंड्यांचा असल्याने गाडीचे नाक अचानक खड्ड्यात जाऊ शकते अशा ठिकाणी चालवणाऱ्याला, स्नॉर्केल हवेच.

पण ते नीट बसवलेले असेल तरच. बाहेरची नळी सगळे पाहतात; पाणी शिरते ते फेंडरच्या आतल्या सांध्यांतून आणि एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाला असलेल्या निचऱ्याच्या भोकातून. डबा मूळचा जलरोधक नसतो. त्याच्या झाकणाची कड, निचऱ्याची झडप आणि नळीचा प्रत्येक जोड बंद केला नाही, तर छपरापर्यंत गेलेल्या नळीचा उपयोग फक्त धूळ टाळण्यापुरता राहतो. काम झाल्यावर गॅरेजमध्येच एक चाचणी करून घ्यावी: इंजिन आयडलवर ठेवून स्नॉर्केलचे तोंड पूर्ण झाकावे. इंजिन गुदमरून बंद पडले तर जोड घट्ट आहेत. चालूच राहिले तर ते कुठून तरी दुसरीकडून हवा घेते आहे आणि तिथूनच पाणीही घेईल. स्वतःच्या मॉडेलसाठी साच्यात घडवलेले जाड प्लास्टिकचे स्नॉर्केल घ्यावे. प्लंबिंगच्या पाइपातून जुळवलेल्या नळीला सांधे जास्त असतात आणि खडबडीत रस्त्याच्या थरथराटाने ते सुटतात, म्हणून ती मी कुणालाही सुचवणार नाही.

लिफ्टबद्दल माझे मत सर्वांत सावध आहे. सस्पेन्शन ५० मिलिमीटरने उंच केले की केबिन आणि इंजिन तेवढे वर जातात, हा फायदा खरा आहे. मागचा डिफरन्शियल मात्र तसूभरही वर जात नाही. तो फक्त टायरचा व्यास वाढवल्याने, आणि तोही वाढीच्या निम्म्यानेच, वर येतो. मोबदल्यात गुरुत्वमध्य वर जातो, पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमधल्या सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा) कोन वाढतो आणि मोठ्या टायरमुळे ब्रेकवरचा भार वाढतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. निव्वळ पाण्यासाठी लिफ्ट करणे मला पटत नाही; दगडांच्या वाटेवर रोज चालवायचे असेल तर तो वेगळा विषय आहे.

या तिन्हींपैकी काहीही वाहत्या पाण्यावर उपाय नाही, आणि इथे मला जरा ठासून बोलायचे आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की गाडीवरचा आडवा जोर चौपट होतो. त्यात गाडी हलकीही होते: केबिनच्या तळाचे क्षेत्रफळ ढोबळमानाने ३ चौरस मीटर धरले, तर तळाच्या वर चढणारे प्रत्येक १० सेंटिमीटर पाणी, ते आत झिरपेपर्यंत, गाडीला सुमारे ३०० किलोने उचलते. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा सांगते की दोन फूट वेगवान पाणी एसयूव्ही आणि पिकअपसह बहुतेक वाहने वाहून नेऊ शकते. दोन फूट म्हणजे ६० सेंटिमीटर, हायलक्सच्या सांगितलेल्या मर्यादेपेक्षाही कमी. पिकअपला यात आणखी एक उणेपणा आहे: रिकाम्या हौद्यामुळे तिचे मागचे टोक हलके असते आणि तेच आधी सरकते. हौद्यात वजन असेल तर गाडी जमिनीला अधिक धरून राहते. उलट हौद्यावर बंदिस्त कॅनोपी बसवली की मागे आणखी एक तरंगणारी पेटी तयार होते, हे कॅनोपी घेताना कुणी सांगत नाही. कोकणात किंवा गडचिरोलीत पुराचे पाणी पुलावरून वाहत असताना खालचा पूल शाबूत आहे की नाही हेही दिसत नसते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा वाहने थेट नदीत गेली. अशा पाण्यात उतरण्याची कोणतीही तयारी नसते.

मग निवड कशी करावी? वर्षातून एकदा लाहौल-स्पितीला जाणाऱ्या माणसाला ब्रीदर, ग्रीस, रिकव्हरीचे साहित्य आणि पाणी थेट इंजिनाच्या कप्प्यात येऊ नये म्हणून पुढच्या ग्रिलवर बांधायला एक ताडपत्री पुरेशी आहे. छत्रू ते बातालच्या वाटेवरचे नाले बर्फ वितळल्याने दुपारनंतर फुगतात. तिथे सकाळी लवकर पोहोचणे कोणत्याही सुट्या भागापेक्षा जास्त उपयोगी पडते. बागेच्या किंवा कंत्राटाच्या कामासाठी पावसाळाभर रोज ओढा ओलांडणाऱ्याने ब्रीदरनंतर स्नॉर्केलही बसवावे, कारण त्याच्या बाबतीत प्रश्न एका खोल प्रसंगाचा नसून शेकडो मध्यम प्रसंगांचा असतो, आणि त्यांतला एखादा अंदाज चुकतोच. शहरातल्या तुंबलेल्या रस्त्यांसाठी पैसे घालवायचे असतील, तर ते विम्याच्या इंजिन प्रोटेक्ट कव्हरवर घालवावेत. पाणी शिरून इंजिन फुटले तर ते नेहमीच्या मोटार विम्यात सहसा भरून मिळत नाही. गाडीत बदल केले असतील तर ते विमा कंपनीला लेखी कळवावेत, नाहीतर दाव्याच्या वेळी त्यांवरूनच वाद होतो.

प्रत्यक्ष पाण्यात लो रेंजचा (कमी वेगाच्या, जास्त जोराच्या टप्प्याचा) पहिला किंवा दुसरा गिअर टाकून चालण्याच्या वेगाने जावे, म्हणजे पुढे एक लाट तयार होते आणि तिच्यामागे इंजिनाच्या कप्प्यातली पातळी थोडी खाली राहते. मधे क्लच दाबू नये. गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारू नये. ओढून बाहेर काढावी आणि ग्लो प्लग काढून सिलिंडर कोरडे झाल्याची खात्री करावी. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर चालवावे म्हणजे ते सुकतात. घरी आल्यावर, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, डिफरन्शियलचा ड्रेन प्लग थोडासा सैल करून पाहावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि आत शिरले असेल तर आधी तेच थेंब बाहेर येतात. तसे दिसले तर तेल लगेच बदलावे आणि कोणते सील गेले ते शोधावे. ब्रीदर वर नेलेल्या गाडीतही दर पावसाळ्याच्या शेवटी ही तपासणी सोडू नये, आणि त्याच वेळी प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉस जॉइंटना ताजे ग्रीस मारून घ्यावे.